नाकाचं माप

मध्यमवर्गीय मराठी घरात गॉगल लावायला पूर्वी दोनच कारणं मान्य होती: डोळे आलेले असणं, नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असणं. डोळे आले की घरातला एकुलता एक गॉगल या नाकावरून त्या नाकावर फिरायचा आणि त्याच्या मागोमाग साथही. मोतीबिंदूचा गॉगल मात्र मानाचा. तो लावून आजोबा ओटीवर बसले की भेटायला येणारे उगाच आवाज चढवून बोलायचे, ऑपरेशन कानाचं झाल्यासारखे. या दोन कारणांवाचून जो गॉगल लावी, तो वाया गेला असं आळीभर धरून चालत. तिकडे तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन आणि करुणानिधी या दोघांनी काळ्या चष्म्यातून राज्य केलं. पण आपल्याकडे ‘वर बघून बोल’ हा दम लहानपणापासून मिळालेला, त्यामुळे डोळे झाकलेल्या माणसावर विश्वास बसायला वेळ लागतो.

अशा संस्कारांचा माणूस सावंतवाडीला गेला, तर लाकडी आंबा, फार तर लाकडी वांगं घेऊन येईल. चितारआळीतल्या दुकानांतून ती फळं इतकी हुबेहूब मांडलेली असतात, की केळीचा घड हातात घेतल्यावर वजनावरूनच खरं काय ते कळतं. मी चौकशी करत होतो ती भोवऱ्याची. पण कारागिराच्या पाटावर लाकडाच्या भुश्यात एक गॉगल पडला होता. अजून काचा न बसवलेला, पिवळसर, हातात घेतला तर पत्त्याच्या कॅटाइतकाही जड नाही. ‘फणस,’ कारागीर मान वर न करता म्हणाला.

फणसाचे गरे, फणसाची भाजी, फणसाची साटं, तळलेले गरे या क्रमात गॉगल बसवायला मला जरा वेळ लागला. खरं तर कोकणातल्या जुन्या घरांची दारं-खांब फणसाचे असतात, मृदंगाचं खोड आणि तंजावरी वीणेचा भोपळाही फणसाचाच. ताजं कापलेलं हे लाकूड हळदीसारखं पिवळं असतं आणि हवा-उजेड लागेल तसं वर्षागणिक तांबूस, मग तपकिरी होत जातं. म्हणजे जी वस्तू मला उन्हापासून वाचवणार, ती स्वतः मात्र माझ्याऐवजी रापणार. इतकी निष्ठा हल्ली कुठे मिळते?

पण पाटावरचा तो गॉगल मला मिळेना. तो दुसऱ्या कुणाच्या नाकासाठी होता. माझं नाक वेगळं, म्हणून माझं माप. प्लास्टिकची फ्रेम चष्मेवाला गरम करतो, काड्या वाकवतो, कानामागे बसवून देतो. लाकडाला ही सोय नाही. ‘ह्यां काय प्लास्टिक न्हय, गरम करून वाकवूक,’ असं म्हणत त्याने पेन्सिल आणि पट्टी काढली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला.

असं आपल्याकडे कुणी बघितलंय, याची आठवण करून पाहा. डॉक्टर हल्ली रिपोर्ट बघतात. न्हावी आरशात बघतो, त्यातही निम्मं लक्ष टीव्हीकडे. शिंपी माप घ्यायचा, पण तोही आता गणवेश आणि लग्नाच्या शेरवानीपुरता उरला. बाकी सगळीकडे आपणच मीडियम किंवा लार्ज होऊन दुकानात जातो आणि शर्ट नाही बसला तर स्वतःलाच दोष देऊन परततो. इथे एक माणूस माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजत होता, नाकाच्या दांड्याची रुंदी कागदावर उतरवत होता, आणि डोळ्यापासून कानापर्यंत पट्टी धरून थांबला होता. मग त्याने दुसऱ्या बाजूने मोजलं, पुन्हा पहिल्या बाजूने मोजलं आणि निकाल दिला, ‘तुमचो उजवो कान वायच वर आसा.’

हे मला आईने सांगितलं नाही, लग्न ठरवताना कुणी सांगितलं नाही, नंतर बायकोनेही सांगितलं नाही. आणि तिने सांगायचं काही बाकी ठेवलं असेल असं मला वाटत नव्हतं. ‘मग आता?’ मी जरा दबकतच विचारलं. कान खाली करून घ्यावा लागेल की काय, अशा सुरात. ‘काय नाय. उजवी काडी तशी करतंय.’ संपला विषय. माझ्या वाकडेपणाची इतकी सहज व्यवस्था कुणीच लावली नव्हती.

असा गॉगल एका फळीतून कोरत नाहीत. अखंड लाकूड रेषेच्या दिशेने चिरतं, आणि गॉगल तर सगळा बारीक पट्ट्यांचाच. म्हणून लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे, एकाची रेषा उभी तर दुसऱ्याची आडवी असे डिंकाने चिकटवायचे आणि वळण दिलेल्या साच्यात आवळून ठेवायचे. मग बारीक करवतीने आकार काढायचा, काच बसायला आतून खाच पाडायची, कानशीने कडा मारायच्या. त्यानंतर पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी तेलाचा हात. कारागिराने अंगठा नाकपट्टीवरून फिरवला, थांबला, पुन्हा पॉलिश पेपर उचलला. मला तिथे काहीच लागत नव्हतं. त्याला लागत होतं.

लाकडी वस्तूंचे सध्या दिवस आहेत. घाण्याचं तेल, कडुनिंबाचा कंगवा, बांबूचा टूथब्रश. जे आजीने गरिबीत वापरलं, ते नातवाने पगारवाढीनंतर घ्यायचं. लाकडी गॉगलही त्याच रांगेतला असं वाटेल. पण तो त्या सगळ्या फॅशनहून जुना आहे, आणि काचेच्या गॉगलहूनही. आर्क्टिकमधले इनुइट लोक बर्फावरून उलटणाऱ्या उजेडाने डोळे जाऊ नयेत म्हणून लाकडाच्या, हाडाच्या किंवा हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्याच्या पट्टीला नुसती आडवी फट पाडत आणि ती डोळ्यांवर बांधत. तिकडे झाडं उगवत नाहीत. लाकूड समुद्रातून वाहत येईल तेवढंच. किनाऱ्याला लागलेल्या त्या ओंडक्यातून माणसाने आधी गॉगल काढला, काच फार पुढे आली. स्वस्त गॉगल गल्लोगल्ली पोचायला तर 1929 उजाडलं. त्या वर्षी सॅम फॉस्टर नावाच्या माणसाने अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सेल्युलॉइडचे गॉगल विकायला काढले. तेव्हापासून जगातली सगळी नाकं एकाच मापाची झाली.

माझा गॉगल आला तेव्हा बायकोने तो आधी स्वतः लावून पाहिला. तिच्या कानावर तो तिरका बसला. ‘वाकडा केलाय की हो!’ ती म्हणाली. मी काही बोललो नाही. कानाची गोष्ट अजून घरात फुटलेली नाही.

एक मात्र सांगायला हवं. फणस असो, शिसव असो की साग, लाकूड डोळ्यांना वाचवत नाही. वाचवते ती काच. नुसती काळी काच तर साध्या काचेहून वाईट. अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्तच आत घेते. मोतीबिंदूला हातभार लावणाऱ्यांत हे किरणही आहेत. तेव्हा तुमच्या गावात असा कुणी कारागीर भेटला, तर आधी विचारा, काच यूव्ही 400 आहे का, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते का. मग लाकडाची चौकशी करा. भाव सगळ्यात शेवटी. आणि घासाघीस जपून करा, कारण तुमचा कुठला कान वर आहे, हे त्या माणसाला ठाऊक असतं.