टिमशेठ, कोहळा पचला का?

टिम हॉर्टन्स कंपनीचे मालक मंडळ,
मुक्काम टोरोंटो, कॅनडा, यांस

सा. न. वि. वि.

ज्याच्या नावाने आपली पाटी आहे तो टिम हॉर्टन हॉकी खेळायचा. १९६४ साली हॅमिल्टनला कॉफीचं पहिलं दुकान निघालं आणि १९७४ साली तो मोटार अपघातात गेला. त्या बिचाऱ्याला यात ओढत नाही. पण पत्राला मायना लागतो, म्हणून आपणा सर्वांना मिळून टिमशेठ म्हणतो. राग नसावा.

आधी कौतुक. गिऱ्हाइकाची एवढी काळजी वाहणारा दुकानदार तुळशीबागेतही सापडायचा नाही. पैसे मोजून घेतले की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आपण मात्र डबल-डबल कॉफी हातात देऊन माणसाच्या मागोमाग थेट घरापर्यंत गेलात. त्याच्या फोनवरचं आपलं ॲप बंद असलं तरी दर काही मिनिटांनी तो कुठे आहे ते टिपलंत. राहतो कुठे, कामाला जातो कुठे, सध्या परगावी आहे का, सगळं ताडलंत. घरात शिरला की नोंद, ऑफिसातून निघाला की नोंद, मोठ्या स्टेडियमात गेला की नोंद. आणि दुसऱ्याच्या दुकानात कॉफी प्यायला गेला, तर त्याचीही नोंद! जेम्स मॅक्लाउड या पत्रकाराने आपल्याकडून स्वतःची माहिती मागवली, तेव्हा पाच महिन्यांच्या आत त्याचा ठावठिकाणा २,७०० हून अधिक वेळा टिपलेला निघाला. जून २०२० मध्ये त्याने ते छापलं, म्हणून जगाला कळलं. नाहीतर आपला विनयशील स्वभाव. आपण कुठले सांगताय.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. ज्या जाहिरातींसाठी हा खटाटोप मांडला, तो बेत आपण गुंडाळून ठेवलात. तरी पुढे वर्षभर माहिती गोळा होतच राहिली. काही उपयोग नसताना! कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. आपण माणसं कुठे निजतात ते जमवलंत.

मग चौकशी झाली. केंद्राचे गोपनीयता आयुक्त आणि क्युबेक, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया या तीन प्रांतांचे अधिकारी एकत्र बसले आणि १ जून २०२२ रोजी त्यांचा अहवाल आला. कायदा मोडला, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दंड किती? शून्य. केंद्राचा कायदा २००० सालचा. खिशात स्मार्टफोन येण्याआधीचा. त्या कायद्याखाली आयुक्तांना चौकशी करता येते, शिफारस करता येते, फार तर खेद व्यक्त करता येतो. आपण शिफारशी मान्य केल्यात, प्रकरण मिटलं. गिऱ्हाइकांनी कोर्टात दावे लावले होते, तिथे जुलै २०२२ मध्ये आपण तडजोड सुचवलीत: जमवलेली माहिती पुसून टाकू, शिवाय प्रत्येकाला एक गरम पेय आणि एक बेकरीचा पदार्थ. किंमत अनुक्रमे ६.१९ आणि २.३९ डॉलर. आवळा देऊन कोहळा काढतात हे ऐकून होतो. कोहळा पकडला गेल्यावर पुन्हा एक आवळाच पुढे करायचा, ही सुधारणा मात्र आपली.

आता आपले खरे आश्रयदाते. अहवालानंतर पंधराच दिवसांनी, १६ जून २०२२ रोजी, मंत्री फ्रांस्वा-फिलिप शांपेन यांनी ओटावाच्या संसदेत गोपनीयतेच्या नव्या कायद्याचं सी-२७ हे विधेयक मांडलं. जबर दंडाची तरतूद होती हो त्यात! पण त्याच विधेयकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा आणखी एक कायदा कोंबला होता. तो इतका मोघम की पुढे मंत्र्यांनाच त्यात दुरुस्त्या सुचवाव्या लागल्या. समितीत काथ्याकूट चालू राहिला. अखेर ६ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी राजीनाम्याची घोषणा केली, संसदेचं अधिवेशन संपलं आणि विधेयकही संपलं. त्याचा थोरला भाऊ सी-११ ऑगस्ट २०२१ मध्ये निवडणुकीने असाच नेला होता. मे २०२५ मध्ये देशाला कृत्रिम बुद्धिमत्तेचे पहिले मंत्री मिळाले, एव्हान सॉलोमन. कायद्याआधी मंत्री, हेही नवलच.

क्युबेकचे लोक मात्र रसिक नाहीत. ओटावाची वाट न बघता त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये गोपनीयतेचा स्वतःचा 'कायदा २५' मंजूर केला आणि २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू केला. अडीच कोटी डॉलर किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जो जास्त तिथपर्यंत दंड. माणसाचा माग काढणारी सोय वापरायची तर आधी त्याला सांगायचं, आणि ती चालू कशी करायची तेही सांगायचं. म्हणजे मुळात ती बंद हवी. निव्वळ यंत्राने एखाद्याबद्दल निर्णय घेतला तर तसं त्याला कळवायचं. किती हा अरसिकपणा.

तेव्हा शेठ, मॉन्ट्रियलच्या गिऱ्हाइकाशी जरा जपून. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या आमच्या मराठी मंडळींची चिंता नको. तो ओंटारियो प्रांत, म्हणजे आपलंच गाव, आणि तिथल्या विधानसभेने खासगी कंपन्यांसाठी असा सर्वसाधारण कायदा केलेलाच नाही. तिथे तोच २००० सालचा केंद्राचा कायदा, तेच आयुक्त, तोच खेद.

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
घरी चहा पिणारा एक मराठी माणूस