मैलूर रोडवर पायी चालावे कसे?

बिदरमध्ये पायी चालावेसे वाटणे हा काही आजार नव्हे. बहुतेक वेळा गाडी गॅरेजमध्ये असते, एवढेच. तरीही पूर्वतयारीशिवाय कोणी घराबाहेर पडू नये, म्हणून हे मार्गदर्शन. मैलूर भागातून निघून जुन्या शहरातल्या चौबारा बुरुजापर्यंत स्वतःच्या पायांनी पोहोचू इच्छिणाऱ्या सुदृढ, शांत स्वभावाच्या आणि शक्यतो मृत्युपत्र करून ठेवलेल्या गृहस्थांसाठी ते लिहिले आहे. गृहिणींना त्याची गरज नाही. त्या रोज भाजीची पिशवी आणि एक मूल घेऊन हा प्रवास करतातच.

सर्वप्रथम फूटपाथ शोधावा. इंडियन रोड्स काँग्रेसने 2012 साली पादचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे छापली, त्यांत फूटपाथवर किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच अशी मोकळी जागा सांगितली आहे. दोन माणसे समोरासमोर आली तरी खांद्याला खांदा लागू नये, हा हेतू. आपल्याकडे या 1.8 मीटरची वाटणी भाऊबंदांनी बसून करावी तशी आधीच झालेली असते. भिंतीकडचा हिस्सा दुकानाच्या पायरीला, रस्त्याकडचा मोटरसायकलींना, मधला विजेच्या खांबाला आणि डीपीला. खांबाला बांधलेला फ्लेक्स वाढदिवस असलेल्या नेत्याचा; तो 2.2 मीटरच्या नियमाची दखल न घेता थेट तुमच्या कपाळाच्या उंचीवर येतो. उरलेल्या जागेतून चालावे. काहीच उरलेले दिसत नसेल, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.

उंचीचेही तसेच. त्याच तत्त्वांनुसार फूटपाथची कड 150 मिलिमीटरहून उंच नसावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सहज पाऊल टाकता यावे. प्रत्यक्षात कंत्राटदाराचा हात सढळ निघतो आणि कड गुडघ्याला भिडते. शिवाय प्रत्येक फाटकासमोर फूटपाथ खाली उतरतो, गाडी आत गेली की पुन्हा वर चढतो. गुडघेदुखीवाला दहाव्या घरापाशी मुकाट्याने रस्त्यावर उतरतो. तिथून पुढे त्याची गणती वाहनांत होते, फक्त हॉर्न नसलेल्या.

आता नालीवरच्या फरशीचा विषय. इथे घाई करू नये, कारण खरे कौशल्य इथेच आहे. शहाबाद शेजारच्याच कलबुर्गी जिल्ह्यात. तिथल्या फरशीवर उभ्या महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांनी पिढ्यान्‌पिढ्या पंगती उठवल्या. घरच्या नालीवर टाकायची वेळ आली की मात्र नेमकी एक फरशी कमी पडते. म्हणून पाय टाकण्याआधी टाचेने हलकेच ठोकून पाहावे. ठण्ण वाजली तर घट्ट आहे, खुशाल जावे. डगडग वाजली तर तिचा एक कोपरा अधांतरी आहे. भर पावसात तिच्यावर भार दिला की समोरच्या फटीतून काळ्या पाण्याची पिचकारी उडते आणि ती पायजम्याच्या नेमक्या इस्त्रीच्या घडीवर बसते. लग्नाला जाताना हटकून. काहीच वाजले नाही, तर ती फरशी नव्हेच, खड्ड्यावर टाकलेले पोते आहे. काही समाजसेवक अशा खड्ड्यात झाडाची फांदी रोवून ठेवतात. फांदी हिरवी असेल तर खड्डा ताजा. पाने वाळलेली असतील तर खड्ड्याला आता कायम नोकरीत धरायला हरकत नाही.

नजर कायम खाली ठेवावी. बिदरकराला हे जड जाते. हवाई दलाचा तळ गावाला लागून, सूर्यकिरण पथकाचे घर इथेच. हॉक विमाने डोक्यावरून गेली की बिदरकराची मान आपोआप वर जाते, आणि पाय पोत्यावर. आकाशात नऊ विमाने एकमेकांना चिकटून, न धडकता कशी जातात, याचे पाहुण्यांना नवल वाटते. पायी चालणाऱ्याला वाटू नये. तिथे राँग साइडने कोणी येत नाही.

वाट मागायची भाषा आधी ठरवून ठेवावी. गाव बहुभाषिक आहे, त्याचा फायदा घ्यावा. "दादा, जरा सरका की" याला प्रतिसाद मिळाला नाही तर कन्नडमध्ये "स्वल्प सरीरी" म्हणावे, आणि तेही वाया गेले तर दखनीत "सरको ना भई". उत्तर मात्र तिन्ही भाषांत एकच येते: पाचच मिनिटे. एवढ्यात समोर गरम मिरची भजी निघत असतील तर खाऊन घ्यावीत. गाडाही फूटपाथवरच असतो, पण भजीवाल्यावर रागावू नये. त्याचे पोट त्या गाड्यावर आहे, आणि फेरीवाल्यांना जागा नेमून देण्यासाठी 2014 साली कायदाही झाला आहे. शेजारी आडवी लावलेली चारचाकी कोणाचे पोट भरत नाही.

खरोखर निर्वेध चालायचे असेल तर भुयारात जावे. इथल्या झरणी नृसिंहाच्या गुहेत दर्शनाला भक्त छातीइतक्या पाण्यातून सुमारे 300 मीटर चालत जातात, लहान लेकरे खांद्यावर घेऊन. वर वटवाघळे लटकलेली. तरी या वाटेवर मोटरसायकल नाही, फ्लेक्स नाही, डगडगणारी फरशी नाही. बहमनी काळात नौबाद भागात करेझ खोदले, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा, वर ठरावीक अंतरावर हवेसाठी झरोके. पाण्याला उतार हवा, वाट मोकळी हवी, एवढे त्या कारागिरांना कळत होते. माणसालाही तेच लागते, हे कळायला पाचशे वर्षे कमी पडलेली दिसतात.

चौबाऱ्याला पोहोचलात तर अभिनंदन. चार रस्त्यांच्या मधोमध उभा असलेला हा 71 फुटी बुरूज शत्रू दुरून दिसावा म्हणून बांधला. आता शत्रू चारही बाजूंनी जवळूनच दिसतो, त्यामुळे वर चढण्याची गरज उरली नाही. रस्ता ओलांडायला सिग्नलची वाट पाहत बसू नये, गायीची पाहावी. ती निघाली की तिच्या पलीकडच्या अंगाने, तिच्याच चालीने निघावे. रिक्षा गायीसाठी थांबते.

एवढे हसून झाल्यावर एक आकडा सांगावाच लागतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतली 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांना त्यासाठी नियमावली करायला सांगितली. हा निकाल खिशात ठेवून चालायला हरकत नाही. फक्त तो वाचत चालू नये.

गाडीवाल्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन लिहिण्याचे कारण नाही. 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत ते आलेले आहे: फूटपाथवर गाडी चालवायची नाही आणि उभीही करायची नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.