देवाला चालतं

वाण्याकडे सुपारी मागितली की तो विचारतो, "खायची की पूजेची?" या प्रश्नावरून आजवर कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. एरवी सिनेमाच्या पोस्टरवरूनही त्या दुखावतात. "पूजेची" म्हटलं की वरच्या फळीवरची दुसरी बरणी खाली येते. तिच्यातली सुपारी बारकी, सुरकुतलेली, अडकित्ता मोडेल पण ती फुटायची नाही अशी. एखादीला भोक असतं आणि भोकात मूळचा रहिवासी. तिला तांदळाच्या पुंजक्यावर बसवून, गंध लावून, कापसाचं वस्त्र घालून आपण गणपती म्हणतो आणि लेकाच्या व्हिसाचं तेवढं बघ रे बाबा, अशी गळ घालतो.

सुपारीचं पाहून बाकीच्या जिनसाही शिकल्या. आता पूजेचं तूप निराळं, पूजेचा मध निराळा, पूजेचं अत्तर निराळं. तुपाच्या पाकिटावर पुढून लक्ष्मी, कमळ आणि दोन हत्ती. मागून, चष्मा पुसून वाचलं तरच लागेल अशा अक्षरांत, "खाण्यासाठी वापरू नये". हे तूप निरांजनात जळून गेलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण सत्यनारायणाला पंचामृत लागतं, आणि "चांगली बरणी कशाला काढता, पाकीट उघडलंय की!" असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच. देव त्यात नुसती आंघोळ करतो. तीर्थ म्हणून ते पिऊन हात डोक्याला पुसतो आपण. पळीभरच असतं, म्हणून सोसतं.

खारका, बदाम आणि हळकुंडांची पुडी तर मुरलेली कलाकार. मागच्या श्रावणात विड्यावर मांडलेले बदाम पूजा उतरली की डब्यात जातात आणि पुढच्या श्रावणात पुन्हा विड्यावर येतात. त्यातला एक फोडून पाहायचं धाडस आमच्या ओळखीत कुणी केलेलं नाही. ओटीच्या ब्लाउजपीसचंही तेच. "देण्याघेण्यातलं" असा एक गठ्ठा कपाटाच्या खालच्या खणात असतो. त्यातलं कापड देवीकडून गुरुजींकडे, तिथून वहिनींकडे, वहिनींकडून चैत्रातल्या हळदीकुंकवाला पुन्हा आपल्याकडे येतं. त्याचं कुणी ब्लाउज शिवल्याचं मात्र कळलेलं नाही.

फुलं तर विकतही घ्यावी लागत नाहीत. सकाळी साडेसहाला सोसायटीच्या कुंपणाशी आकडी लावलेली काठी आणि दुधाची रिकामी पिशवी घेतलेले एक निवृत्त गृहस्थ दिसतील. शेजारच्या बंगल्यातली तगर आणि जास्वंद ते कळ्यांसकट उतरवत असतात. मालकाने खिडकी उघडली की "देवाला नेतोय हो!" एवढं पुरतं. हेच वाक्य म्हणून कुणी त्यांचा पेपर उचलला असता तर?

देवाला काहीही चालतं असा समज मात्र करून घेऊ नका. आपल्याकडे या बाबतीत फार कडक शिस्त आहे. नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही. गणपतीला एरवी तुळस चालत नाही, शंकराला केतकी चालत नाही. खिरीत साखर किती पडली ते जिभेवर टेकवून पाहिलं तर अख्खं पातेलं बाद. म्हणजे चव घेतलेलं चालत नाही, चव गेलेलं चालतं. देवाला द्यायच्या मालाचा दर्जा तपासून पाहणारी भक्त आपल्या लोककथेत एकच होऊन गेली. ती शबरी. तिने एकेक बोर चाखलं आणि आंबट निघालं ते टाकून दिलं. तिच्यावर आपण कीर्तनं केली, पण तिची पद्धत काही उचलली नाही.

शिकलेल्या मंडळींना हे सांगितलं की ती गीता काढतात. नवव्या अध्यायात देवाने स्वतःच पान, फूल, फळ आणि पाणी एवढंच मागितलंय, हे खरं. पण पुढची अट ही मंडळी भराभर ओलांडतात: हे सगळं त्याला भक्तीने दिलेलं हवंय. पूजाविधीतली सोयही अशीच वापरली जाते. वस्त्र नसेल तर अक्षता वाहा, दागिना नसेल तर अक्षता वाहा. ज्याच्याकडे नाही त्याची अडचण होऊ नये, हा त्यामागचा विचार. आता तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, दोन लॉकर बाळगणारा यजमान अलंकारांच्या जागी चिमूटभर तांदूळ टाकतो आणि "गुरुजी, जरा उरका" म्हणून घड्याळ बघतो.

या सगळ्याचा आधार एकच: देव खात नाही. नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठोबाने खरोखर खाल्ला, ही कथा सांगताना आपला कंठ दाटून येतो. पण उद्या आपल्या देवघरातून हात पुढे आला तर आधी त्या पाकिटाची मागची बाजू लपवायची धावपळ होईल.

आणि म्हणून जे आपल्याच पोटात जाणार, तिथे देवाचा मान कसा राखला जातो बघा. उकडीच्या मोदकाला आंबेमोहराची पिठी, नारळ ताजा, वर साजूक तुपाची धार. एकवीसच्या एकवीस मोदक कळीदार. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरीत-रोडग्याला वांगं घेताना बाई पाटीतली दहा वांगी उलटीपालटी करून बघते. म्हसोबाचं तर विचारूच नका. पूजेचं मटण असा स्वस्तातला प्रकार महाराष्ट्रातल्या कुठल्याही खाटकाकडे मिळत नाही. बोकड घ्यायला बाजारात चार जाणती माणसं जातात, दात बघतात, पाठीवर हात दाबून मांस बघतात, किमतीवरून तासभर हुज्जत घालतात. देवाला चालेल का, हे तिथे कुणी काढत नाही. भावकीला पुरेल का, एवढंच बघतात.