झाशीचा उन्हाळा आणि वाइनची पारख

वाइनची पारख करण्याचे शास्त्र ज्यांनी रचले त्यांना झाशीचा मे महिना ठाऊक नव्हता, ही त्या शास्त्रातील मूलभूत उणीव होय. तांबडी वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, या दंडकातील खोली युरोपातील जाड दगडी भिंतींची, सोळा ते अठरा अंश सेल्सिअसची आहे. झाशीत पारा 45 अंशांपलीकडे गेला असता हा दंडक निष्ठेने पाळणाऱ्याला बोर्दोची वाइन काढ्यासारखी फुंकून प्यावी लागेल.

हे मर्म राणी लक्ष्मीबाईंच्या कारभाऱ्यांना पुरते उमगले होते. 1854 मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणीने सल्ल्यासाठी जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलास आग्र्याहून बोलावून घेतले, आणि त्याच्या गाडीत बर्फाच्या बादलीत पाणी, बिअर व वाइन घेऊन एक खानसामा तैनात केला, असे लँगने 1859 च्या आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. पुढे भेटीच्या वेळी जोडे उतरवण्याचा प्रश्न उपस्थित झाला. तेव्हा जोडे काढावेत, टोपी मात्र डोक्यावर राहू द्यावी, असा तह ठरला. कंपनी सरकारशी झालेल्या वाटाघाटींपैकी एकही एवढी फलदायी निघाली नाही, हे निराळे सांगावयास नको.

फ्रेंच रसिक ज्याला 'तेर्वार' म्हणतात, म्हणजे माती, उतार आणि हवा यांचा द्राक्षात उतरणारा एकत्रित गुण, त्याची अर्धी सामग्री बुंदेलखंडात तयार आहे. येथील शेतकरी काळ्या मातीत मार व काबर आणि तांबड्या मातीत पडुआ व राकड असे भेद पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. उणीव आहे ती केवळ पाण्याची आणि द्राक्षांची. म्हणून येथील मराठी रसिकाची दृष्टी साहजिकच नाशिककडे वळते, जेथे वेलाला एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळा सरल्यावर फळछाटणी देऊन युरोपात वेल झोपलेला असतो त्या महिन्यांत पीक काढले जाते, आणि फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील शेनिन ब्लाँ ही जात तेथे चांगली रुळली आहे.

प्रदेशांची निवड करताना ऑस्ट्रेलियाच्या बारोसा खोऱ्यातील शिराझ हिवाळ्यासाठी राखून ठेवावी, कारण तिच्यातील मद्यार्क बहुधा चौदा टक्क्यांच्या आसपास असतो आणि झाशीच्या दुपारी त्याची भर घालण्याची गरज नसते. न्यूझीलंडच्या मार्लबरो येथील सोव्हिन्यों ब्लाँ आंबट व तजेलदार असते. तिच्या गंधाचे वर्णन करताना जाणकार कापलेल्या गवताबरोबर मांजराच्या मूत्राचाही उल्लेख करतात, आणि तो प्रशंसेने करतात, ही बाब चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्यातील वेलदोड्याचा एक दाणा अधिक पडला तरी नापसंती नोंदवणाऱ्या झाशीच्या मराठी घरांत उच्चारू नये. जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या पाटीच्या दगडावर वाढलेली रीसलिंग, जिच्या गोडसर प्रकारांत मद्यार्क आठ-नऊ टक्केच असतो, या हवेला सर्वांत मानवते.

तथापि देश, जात आणि साल यांपेक्षा बाटली दुकानात कोठे ठेवली होती हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण उष्णतेने वाइन शिजते आणि बूचही वर सरकते. तो प्रश्न झाशीच्या बाजारात विचारल्यास उत्तर बहुधा असे मिळते की, फ्रिजमध्ये तर बिअर आहे.