तीस दिवसांचे गरीब, सात दिवसांचे श्रीमंत

गरिबी हटवण्याचे आजवर जेवढे उपाय या देशात झाले, त्यांत सर्वांत स्वस्त, सर्वांत जलद आणि टक्केवारी खायला अजिबात वाव नसलेला उपाय कोणता, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर तयार आहे. रोजगार हमी नव्हे, रेशन नव्हे, कर्जमाफी तर नव्हेच. प्रश्नावली बदला. ‘गेल्या तीस दिवसांत घरात काय काय खाल्ले?’ याऐवजी ‘गेल्या सात दिवसांत काय काय खाल्ले?’ असे विचारा. कपडेलत्ते, शिक्षण, भांडीकुंडी यांचा हिशेब महिन्याऐवजी वर्षाचा घ्या. एवढ्याने देशातले जवळजवळ निम्मे गरीब दारिद्र्यरेषेच्या पलीकडे जाऊन बसतात. ना निविदा, ना ठेकेदार, ना फीत कापायला मंत्री. खर्च काय तो छपाईचा. कुणाला ही थट्टा वाटेल, पण राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९४ ते १९९८ या काळात हा प्रयोग खरोखर केला आणि निकाल हाच आला. या निकालावरून आम्ही एकच गोष्ट शिकलो. पाहणीचा आकडा लोकांच्या घरातून येतो तसाच प्रश्नावलीच्या कागदातूनही येतो. मात्र तो वर्तमानपत्रात येताना कागद मागे राहतो आणि आकडा एकटाच मिरवतो.

तीस दिवसांचा हिशेब विचारण्याचा रिवाज जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली ही पाहणी सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांतच त्यांनी काही घरांत आठवडा विचारून पाहिला, काही घरांत महिना, आणि काही घरांत तर माणसे बसवून धान्य चक्क तोलून घेतले. तोललेल्या आकड्याशी महिन्याचे उत्तर जास्त जुळले, म्हणून महिना कायम झाला. पुढे नव्वदच्या दशकात ओरड सुरू झाली की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात लोक भरपूर खातात आणि पाहणीत मात्र कमी खातात, तेव्हा पाहणीच चुकत असणार. मग कुटुंबांचे यदृच्छेने दोन गट केले. एकाला महिना विचारला, दुसऱ्याला आठवडा. आठवडा विचारलेल्या गटाचा खाण्यावरचा खर्च सुमारे ३० टक्के जास्त भरला. देश तोच, भाव तेच, चुली त्याच. खोटे कुणीच बोलत नव्हते. महिना विचारला की माणूस मधल्या वारी खाल्लेली केळी विसरतो, आणि आठवडा विचारला की दहा दिवसांपूर्वीची मटणाची मेजवानीही ‘परवाच झाली’ म्हणून आठवड्यात ओढून आणतो.

हा आकडा कसा जन्माला येतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पाहणीच्या तक्त्यात तूरडाळीची एक ओळ असते. पुढे रकाने असतात: किती किलो, किती रुपये, विकतची की घरची. आता ज्या बाईला हे विचारायचे, तिच्या घरात डाळ डब्यात असते, रकान्यात नसते. मागल्या बाजाराला पाच किलो आणलेली, त्यातली थोडी नणंदेच्या घरी गेलेली, मधे दोन दिवस पाहुणे जेवून गेलेले, आणि डब्यात अजून किती उरली ते तिलाही ठाऊक नाही. ती मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करते आणि म्हणते, ‘लिहा की तीनेक किलो.’ प्रगणक लिहितो ३.०००. दशांश चिन्हापुढची ती तीन शून्ये कागदाची, बाईची नव्हेत. त्यानंतर मूग, मसूर, उडीद आणि चहापत्तीपासून चपलेपर्यंत शेकडो बाबी उरलेल्या असतात. बाहेर शेरडू ओरडत असते आणि दोघांनाही उठायची घाई झालेली असते. पुढे त्या ‘तीनेक’ला गुणक लागतो, ते हजारो घरांच्या वतीने बोलू लागते आणि दिल्लीत पोचेपर्यंत त्याचे राष्ट्रीय धोरण झालेले असते.

एवढा प्रयोग हाती असताना शहाण्या माणसाने एक पद्धत निवडली असती. पण आपल्याकडे शहाणपणाच्या वर समिती असते आणि समितीचा धर्म तडजोड. १९९९-२००० च्या मोठ्या पाहणीत सात दिवस आणि तीस दिवस असे दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले आणि एकाच माणसाला एकाच बैठकीत दोन्ही विचारले. आता आठवड्याला किती डाळ लागते हे एकदा सांगितल्यावर महिन्याचा आकडा त्याच्याशी न जुळणारा कोण सांगेल? आणि सांगितलाच, तर प्रगणक भुवया उंचावून पुन्हा विचारणारच. दोन स्वतंत्र साक्षीदार हवे होते, ते एकाच बाकावर बसून साक्ष जुळवून आले. त्यातून १९९३-९४ ची ३६ टक्के गरिबी २६.१ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. आर्थिक सुधारणांच्या भक्तांनी पेढे वाटले, विरोधकांनी ‘लबाडी’ म्हणून हाकाटी केली. अँगस डीटन आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी मात्र चिकाटीने एक वाट शोधली. इंधनासारख्या ज्या बाबींचा प्रश्न दोन्ही पाहण्यांत तोच राहिला होता, त्यांच्या आधारे त्यांनी खरी घट किती असेल याचा अदमास घेतला. डीटन यांचा निष्कर्ष असा की, घट बरीचशी खरी होती, पण जाहीर झाली तेवढी नव्हती. हा निष्कर्ष कुठल्याच पक्षाच्या सभेत वापरता येण्यासारखा नसल्यामुळे तो विद्यापीठांतच राहिला. डीटन यांना २०१५ साली नोबेल मिळाले, तेव्हाही आपल्या चर्चेला त्या निष्कर्षाची गरज भासली नाही.

पुढची गंमत २००४-०५ ची. त्या एका वर्षाच्या एकाच पाहणीतून योजना आयोगाने दोन गरिब्या काढल्या. सगळ्या बाबींचा हिशेब तीस दिवसांचा धरला तर २७.५ टक्के, कधीमधी लागणाऱ्या वस्तूंचा वर्षाचा धरला तर २१.८ टक्के. मग सुरेश तेंडुलकर समितीने प्रश्नाऐवजी दारिद्र्यरेषाच नव्याने आखली आणि त्याच वर्षाची गरिबी ३७.२ टक्के ठरली. यातला एकही आकडा खोटा नाही, हे नीट लक्षात घ्यावे. प्रत्येकाला त्याची व्याख्या आहे, प्रत्येकामागे विद्वान आहेत. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचेच आकडे घेऊन गरिबीवर पुस्तक लिहिले, तेव्हा रेषा कुठे आणि का आखली हे पानोपानी सांगितले होते. त्याच वर्षी देशाला ‘गरिबी हटाव’ ही घोषणाही मिळाली. या दोहोंपैकी कशाची सवय आपल्याला लागली, हे सांगायला वेगळी पाहणी नको.

यावर कुणी म्हणेल की, डाळ-तांदूळ हे आठवणीचे काम, तिथे घोळ होणारच. सरळ ‘हो की नाही’ प्रश्नाला काय धाड भरली आहे? तर शौचालयाचे उदाहरण घ्या. ‘तुमच्या घरची माणसे कुठल्या प्रकारचे शौचालय वापरतात?’ असे सबंध घराबद्दल विचारले की, घराच्या अब्रूला शोभेल ते उत्तर मिळते. संशोधकांनी हिंदी पट्ट्यातल्या चार राज्यांच्या ग्रामीण भागात निम्म्या घरांना असे विचारले. उरलेल्या निम्म्या घरांना, काही लोक शौचालयात जातात, काही बाहेर जातात, असे आधी मोकळेपणाने सांगून प्रत्येक माणसाचे नाव घेऊन विचारले. उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या पद्धतीत सुमारे २० टक्केबिंदूंनी जास्त निघाले. आजोबा पहाटे लोटा घेऊन कुठे जातात, हे घर सांगत नाही; आजोबांबद्दल विचारले तर सांगते. आणि मत विचारायचे असेल तर काय बोलावे! अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी १९७५ च्या एका सार्वजनिक व्यवहार कायद्याबद्दल लोकांना मत विचारले. सुमारे एकतृतीयांश लोकांनी ठामपणे दिले. असा कायदा कधी झालाच नव्हता. आपल्याकडे हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. इथे उरलेले दोनतृतीयांशही मत देतील आणि वर मोर्चा काढतील.

दुसरा आक्षेप संख्येचा. नमुना मोठा घ्या म्हणजे चुका आपोआप धुऊन जातात, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या आणि त्यांतल्या तेवीस लाखांवर परत आल्या. पत्ते घेतले टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे असणार, हे सांगायला नको. उत्तर पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांतही अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर चिडलेलेच जास्त होते. त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन ५७ टक्के मते घेऊन जिंकणार असे भाकीत झाले, आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये घेऊन गेले. त्याहून कितीतरी लहान नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचा विजेता बरोबर निघाला. संख्येने योगायोगाची चूक कमी होते. यादीची आणि प्रश्नाची चूक संख्येबरोबर नुसती रुबाबदार होते. आजही लाखो ‘मतां’चा ऑनलाइन कौल दाखवणाऱ्या वाहिन्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांची यादी म्हणजे त्यांचेच प्रेक्षक.

मग पाहण्या बंदच करा, जीएसटी, मोबाइल आणि यूपीआयच्या नोंदींतून देश मोजा, असा नवा पंथ निघाला आहे. त्यांना एवढेच सांगावे की, जो माणूस पावती घेत नाही, रिचार्ज करत नाही आणि रोख मजुरीवर जगतो, तो या नोंदींत गरीब म्हणूनही दिसत नाही; तो दिसतच नाही. शिवाय सात दिवस आणि तीस दिवस यांतली चूक पकडली कुणी? पाहणीनेच, आणि तीही वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा प्रश्न विचारून. स्वतःची चूक स्वतः मोजण्याची ही सोय दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात आम्हाला दाखवा. उलट आकडा पटला नाही म्हणून कागद बासनात बांधण्याची सोय मात्र सगळीकडे आहे. २०१७-१८ ची खर्चाची पाहणी पूर्ण झाली, तिच्यात खप घटल्याच्या बातम्या फुटल्या आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन ती प्रसिद्धच केली नाही. गुणवत्ता तपासायची तर माहिती आमच्यापुढे टाकायची असते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिकाच घरच्यांनी जाळावी आणि तपासणारा चुकला म्हणावे, त्यातला हा प्रकार.

काळाप्रमाणे प्रश्न बदलले पाहिजेत, हे आम्हालाही मान्य आहे. बाहेरचे खाणे, ऑनलाइन खरेदी, मोबाइलचा डेटा हे जुन्या तक्त्यात कुठून असणार? २०२२-२३ च्या पाहणीत बाबींची यादी वाढली आणि एकाच बैठकीऐवजी घराला तीन वेगळ्या महिन्यांत तीन भेटी देण्यात आल्या. दमलेल्या बाईला तीन हप्त्यांत दमवणे हे माणुसकीला धरूनच झाले. पण शांतपणे तीनदा विचारले की जास्त खर्च आठवणार, हेही उघड आहे. २०११-१२ साली जुना आणि नवा तक्ता वेगवेगळ्या कुटुंबांना देऊन फरक मोजला गेला होता. या वेळी जुन्या, एका बैठकीच्या पद्धतीचा तुलनेसाठीचा आकडा काही प्रसिद्ध झाला नाही. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये गरिबी पाच टक्क्यांच्या खाली गेल्याचे नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगून टाकले. गेली असेलही, निदान बरीच घटली असेल. पण त्यातली किती मजुरीने घटवली आणि किती तिसऱ्या भेटीने, हे विचारणाऱ्याला देशद्रोही न म्हणता उत्तर मिळाले पाहिजे. आमची मागणी अगदी माफक आहे. जिथे टक्केवारी छापाल, तिथे तिच्याखाली प्रश्न, तो कुणाला विचारला आणि मागच्या वेळी तो कसा विचारला होता, एवढ्या तीन ओळी छापा. जागा नाही म्हणाल, तर शेजारच्या पूर्ण पानभर जाहिरातीत मंत्र्यांचे छायाचित्र जरा लहान करा. आणि या मागणीला जनतेचा पाठिंबा किती, हे पाहायचे असेल तर खुशाल पाहणी करा. फक्त प्रश्न आम्हाला लिहू द्या, शंभर टक्के काढून देतो.