आमच्या टीमचे तात्या

आमच्या टीमला ऑफिस नाही. पगाराच्या स्लिपवर एक पत्ता छापलेला असतो, पण तिथे आमच्यापैकी कुणी कधी गेलेलं नाही. डिझायनर बाई लिस्बनला, फ्रंटएंडवाला वॉर्सामध्ये, बॅकएंडचे दोघे ब्यूनस आयर्स आणि टोरांटोत, टेस्टिंगला मी पुण्यात आणि तात्या मिरजेत. वीजबिलापासून शाळेच्या फीपर्यंत वाट्टेल ते भरता येईल असं एक ॲप आम्ही सगळे मिळून चालवतो. निदान ते चाललंय असं वरच्यांना वाटत राहील, एवढं तरी बघतो.

तात्यांचं वय छत्तीस. पण जिथे माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर येत नाहीत, अशा प्रत्येक टीममध्ये एक तात्या तयार होतोच. आमचे इतके पिकलेत की त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय. परदेशातली मंडळी त्यांना 'टाट्या' म्हणतात. त्याचा वचपा म्हणून तात्यांनी सगळ्यांची आडनावं बदलून टाकली: लिस्बनकर, वॉर्सेकर, ब्यूनसकर, टोरांटोकर. ब्यूनसकराला ते इतकं आवडलं की त्याने स्लॅकवर तेच नाव लावलं आणि अकाउंट्सवाल्यांनी 'हा नवीन माणूस कोण' म्हणून मेल पाठवली.

रोजचा स्टँडअप आपल्या संध्याकाळी साडेसहाला. हिवाळ्यात तेव्हा लिस्बनला दुपारचा एक, वॉर्सात दोन, ब्यूनस आयर्समध्ये सकाळचे दहा आणि टोरांटोत आठ वाजलेले असतात. हे गणित फक्त तात्यांना तोंडपाठ आहे. खरी मजा मार्चमध्ये. टोरांटोचं घड्याळ दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतं, युरोपचं शेवटच्या रविवारी, आणि ब्यूनस आयर्सचं सरकतच नाही. मधले दोन-तीन आठवडे कुणी एक तास आधी येऊन बसतो, कुणी सगळं आटोपल्यावर उगवतो. या दिवसांत तात्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज असतं. "आमचं घड्याळ 1906 पासून जागचं हललेलं नाही," असं ते सांगतात आणि मग स्वतःच अडतात, कारण माणूस प्रामाणिक. "म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली वर्षं सोडून. आणि मुंबई सोडून. मुंबईने 1955 पर्यंत आपलं घड्याळ निराळंच ठेवलं होतं, त्याचं असं झालं..." टोरांटोकर बिचारा हातात कॉफीचा मग घेऊन विचारतो, "म्हणजे उद्या मी आठला येऊ की नऊला?"

स्टँडअप पंधरा मिनिटांत संपावा अशी शास्त्राज्ञा आहे. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, बस. तात्या 'कुठे अडलं' इथून सुरुवात करतात आणि कृष्णेच्या पाण्यापाशी पोचतात. ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45, हे आज जगात सांगली-मिरजेबाहेर कुणाला माहीत असेल तर आमच्या टीमला. गेल्या पावसाळ्यात वॉर्सेकर कॅमेरा सुरू करायच्या आधीच विचारायचा, "टाट्या, आज किती फूट?" आकडा अडतीसच्या वर गेला की त्या दिवशी तात्यांच्या वाटचं काम कुणीतरी न बोलता उचलायचं. त्यावर ना कुठलं तिकीट निघालं, ना मॅनेजरला पत्ता लागला.

मॅनेजरचा विश्वास 'फन अवर'वर. महिन्यातून एकदा सगळ्यांनी लहानपणीचे फोटो पाठवायचे आणि कोण कुठला ते ओळखायचं. कॅमेरे बंद असतात, हसण्याच्या इमोजी तेवढ्या येतात. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

तात्यांचं खरं कसब डिझायनर आणि डेव्हलपर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दिसतं. ॲप मराठीत आणलं तेव्हाची गोष्ट. लिस्बनकर बाईंनी फिग्मात बटण आखलं होतं ते इंग्रजी अक्षरांच्या मापाने. छान, आटोपशीर. वॉर्सेकराने ते पिक्सेलला पिक्सेल जुळवून बांधलं. त्यात 'पूर्ण करा' बसवलं तर वरचा रफार उडाला, खालचा ऊकार कापला गेला आणि उरलं 'पण करा'. मी बग नोंदवला. बाईंनी उत्तर दिलं की डिझाइन बरोबर आहे. वॉर्सेकर म्हणाला, कोड डिझाइनप्रमाणे आहे. दोघांचंही खरं होतं, आणि ग्राहक मात्र पैसे भरायला येऊन प्रतिज्ञा करून परत जात होता.

तात्यांनी दोघांना कॉलवर घेतलं आणि बटणाचा विषयच काढला नाही. बाईंना विचारलं, तुमच्या पोर्तुगीजमध्ये त्या सीला खाली शेपूट असतं ना, ते कुणी छाटलं तर? बाई म्हणाल्या, छे, भलतंच! वॉर्सेकर लगेच सरसावला: आमच्या ए आणि ईलाही शेपट्या असतात आणि झेडच्या डोक्यावर ठिपका. अर्धा तास तिघं आपापल्या अक्षरांच्या शेपट्या एकमेकांना दाखवत बसले. शेवटी बाईंनीच बटणाची उंची वाढवली, वॉर्सेकराने ओळीची उंची सैल केली, आणि तात्यांच्या नावावर त्या दिवशी काम म्हणून शून्य नोंदलं गेलं.

तात्यांचा एकच धर्मग्रंथ आहे, मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाचा 1968 सालचा एक लेख. त्याचा गाभा असा की एखादी संस्था जी यंत्रणा रचते, तिची घडण त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या दळणवळणासारखीच होते. जाणकार लोक यावरून टीमची फेररचना वगैरे करतात. तात्या पत्रिका पाहतात. ॲप उघडायचं, दोन-चार पानं फिरायची आणि कुणाचं कुणाशी फाटलंय ते सांगायचं.

एकदा रात्री त्यांचा मला फोन. "काय रे, लिस्बन आणि वॉर्सा बोलत नाहीत का?"

"का हो तात्या?"

"लॉगिनचा हिरवा आणि पेमेंटचा हिरवा वेगळा आहे. रंग विचारायला माणूस लाजत नाही. बोलणं बंद असलं की अंदाजाने लावतो."

मी जुने संदेश चाळले. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी एका पुल रिक्वेस्टवर 'मी आधीच सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात केली होती. त्यावर वॉर्सेकराने नुसता अंगठा ठेवला होता. समोरासमोर असते तर दोघं चहा घेऊन मोकळे झाले असते, पण लेखी अंगठा महिनोन् महिने तिथेच उभा राहतो. तात्यांनी वॉर्सेकराच्या मांजराची चौकशी केली, बाईंना मांजराचा फोटो पाठवला आणि फोटो वॉर्सेकरानेच पाठवायला सांगितलाय अशी थाप मारली. चार दिवसांत हिरवा एक झाला. याची तात्यांना खात्री होती. त्यांनी स्वतः लिहायचं मॉड्यूल तेवढ्यात मागे पडलं, त्याचीही आम्हाला खात्री होती.

अखेर कंपनीला सुबुद्धी झाली आणि तिने सगळ्यांना गोव्यात एकत्र आणलं. कळंगुटजवळच्या हॉटेलात आम्ही एकमेकांना पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. चौकटीत सगळ्यांची उंची सारखीच असते. इथे वॉर्सेकर दारातून वाकून आत आला आणि बाई जेमतेम तात्यांच्या खांद्याला लागल्या. तात्या थोडे बुजले होते. त्यांना म्यूट कसं व्हायचं ते कळेना.

टोरांटोकराचा व्हिसा मात्र वेळेत झाला नाही. साडेसहाला बैठक, आम्ही पाच जण एका टेबलाभोवती आणि तो एकटा लॅपटॉपवर. तात्या ताडकन उठले. एक जण जरी लांब असेल तर सगळ्यांनी लांबच बसायचं, हा दूरस्थ कामाचा जुना दंडक त्यांना पाठ होता. "तो बिचारा तिकडे एकटा आणि आपण इकडे भजी खात कुजबुजणार? मला नाही पटत." कुणीच काही बोललं नाही, कारण भजी खरोखरच आली होती. मग लाखो रुपये खर्चून एका छपराखाली जमवलेली पाच माणसं आपापला लॅपटॉप आणि भज्यांची बशी घेऊन पाच खोल्यांत जाऊन बसली. हॉटेलच्या वायफायवर पाच व्हिडिओ एकदम चढले. तात्या तोंड उघडं ठेवून गोठले, बाई दर दोन मिनिटांनी बाहेर पडून परत येत होत्या, आणि माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून दुसऱ्यांदा ऐकू येत होता.

पाऊण तास बैठक चालली. आवाज नीट येत होता तो फक्त टोरांटोचा.