मेनूबार कुठे गेला हो?

2008 साली गणेश चतुर्थी 3 सप्टेंबरला आली होती. त्याच दिवशी, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, गूगलने क्रोम नावाचा नवा ब्राउझर जगाच्या हाती ठेवला. कॅलिफोर्नियात तेव्हा 2 तारखेची दुपार होती, त्यामुळे त्यांनी मुहूर्त काढून घेतला असेल असं वाटत नाही. आपल्याकडे मात्र बाहेरच्या खोलीत हरतालिकेचं जागरण आणि आतल्या खोलीत डाउनलोडचं जागरण, अशी दोन व्रतं अनेक घरांत एकदमच चालू होती.

वस्तू हातात यायच्या आधी तिची पोथी आली होती. स्कॉट मॅक्लाउड या नामवंत व्यंगचित्रकथाकाराकडून गूगलने क्रोमची माहिती सांगणारी 38 पानांची चित्रकथा काढून घेतली होती. ती चुकून एक दिवस आधीच पोस्टात पडली आणि जगभर फुटली. सॉफ्टवेअरबरोबर येणारं माहितीपत्रक तोवर कुणी वाचत नसे. या वेळी चित्रं होती म्हणून लोकांनी वाचलं. त्यातून तज्ज्ञांची एक ताजी फळी तयार झाली. ब्राउझर त्यांनी अजून पाहिला नव्हता, पण त्याबद्दलचं त्यांचं मत ठरलेलं होतं.

मग तो उतरवून घेतला गेला आणि पंधरा मिनिटांत निकाल लागू लागले. पहिला आक्षेप: मेनूबार कुठे गेला हो? फाइल नाही, एडिट नाही, व्ह्यू नाही. इतकी वर्षं एडिटवर कुणी क्लिक केलेलं नव्हतं, पण ते तिथे नाही म्हटल्यावर जीव कासावीस झाला. ‘होम’चं बटणही दिसेना. ते सेटिंगमध्ये लपलेलं होतं, पण सेटिंग कुठे लपलंय ते कळायला आधी पान्याच्या चित्रावर क्लिक करावं लागे. पट्ट्यांवर पट्ट्या चढवून निम्मा पडदा झाकून टाकायची इंटरनेट एक्स्प्लोररने लोकांना इतकी सवय लावली होती, की इथे सगळं पान मोकळं दिसल्यावर ‘काहीतरी इन्स्टॉल व्हायचं राहिलंय’ अशी शंका घेतली गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर ‘इंटरनेट बिघडलं’ असं जाहीर करून चिरंजिवांना फोन लावले.

सर्वांत कडक परीक्षण मात्र मॅक आणि लिनक्सवाल्यांनी केलं. क्रोम तेव्हा फक्त विंडोजवर चालायचा. त्यांच्या यंत्रावर तो बीटा म्हणून अवतरायला 2009 चा डिसेंबर उजाडला. म्हणजे तब्बल सव्वा वर्ष त्यांना स्वतःच्या अनुभवाचा कोणताही अडथळा न येता मत देता आलं.

वेगाचं प्रकरण आणखी गमतीचं. क्रोमच्या पोटात व्ही-8 नावाचं जावास्क्रिप्टचं इंजिन होतं. ते डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला लार्स बाक यांच्या चमूने घडवलं होतं आणि ते खरोखर झपाट्याचं होतं. पण किती झपाट्याचं, हे मोजायला गूगलने स्वतःचीच चाचणी सोबत दिली. त्या चाचणीत क्रोम पहिला आला. दुसऱ्याच दिवशी जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांनी मोझिलाच्या वतीने वेगळ्या चाचणीचे आकडे मांडले. त्यात फायरफॉक्सचं येऊ घातलेलं इंजिन पुढे होतं. आपल्या क्लासची पोरं आपल्याच सराव परीक्षेत बोर्डात येतात, तशातला हा प्रकार. सामान्य माणूस मात्र या मिलिसेकंदांच्या लढाईत मनापासून उतरला. दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडून त्याने स्वतः घड्याळ लावलं. 256 केबीपीएसच्या लाइनीवर पान यायला अर्धं मिनिट लागायचं, ते दोन्हीकडे लागलं. तरी ‘जाणवतो हो फरक’ हे उद्गार निघालेच.

आता खरी करमणूक. क्रोम घेताना एक करारनामा ‘मान्य’ करावा लागे, आणि तो कुणीतरी चक्क वाचला. ही घटना संगणकाच्या इतिहासात फारशी घडत नाही. त्यातल्या अकराव्या कलमात लिहिलं होतं, की या सेवेतून तुम्ही जे काही टाकाल, छापाल वा दाखवाल, ते वापरण्याचा कायमस्वरूपी, मागे न घेता येणारा, जगभर चालणारा आणि विनामोबदला परवाना तुम्ही गूगलला देत आहात. झालं! प्रेमपत्र, राजीनामा, कादंबरीचा पहिला खर्डा, सगळ्याची मालकी गेली म्हणून एकच हलकल्लोळ उडाला. आयुष्यात ज्यांनी चार ओळींपलीकडे मजकूर लिहिला नव्हता, त्यांना आपल्या साहित्यसंपदेची चिंता पडली.

गूगलने एक-दोन दिवसांत ते कलम छाटलं. खुलासा असा, की आमच्या इतर सेवांच्या अटींचा मसुदाच इकडे आला, म्हणून ते राहून गेलं. सुधारणा आधी उतरवून घेतलेल्यांनाही लागू, असंही सांगितलं. या खुलाशाने मला तरी गूगलबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. जगातल्या सर्वांत हुशार म्हणवणाऱ्या कंपनीचा वकीलही आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखाच गेल्या वर्षीची नोटीस काढतो आणि वरची तारीख बदलतो. संताप मात्र मुदतीच्या आत ओसरला. कलम गेलं की करार वाचणंही गेलं. पुढच्या आवृत्तीत बाराव्या कलमात काय होतं ते आजतागायत कुणी पाहिलेलं नाही.

कारण माहितीचा खरा मामला कलमात नव्हताच, तो वरच्या पट्टीत होता. पत्ता लिहायची आणि शोधायची जागा क्रोमने एकच केली. तुम्ही अक्षरं टाइप करत जाता आणि एंटर दाबण्याआधीच सूचना खाली उमटतात. म्हणजे तुमच्या मनात काय आलं होतं आणि तुम्ही काय खोडून टाकलंत, तेही सर्व्हरला कळायची सोय झाली. यावर गूगलने सांगितलं, की अशा टाइप केलेल्या मजकुरापैकी फक्त सुमारे 2 टक्के आम्ही आयपी पत्त्यासह ठेवतो. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांतच ‘तेही साधारण 24 तासांत निनावी करू’ असं आश्वासन आलं. जर्मनीच्या सरकारी माहिती-सुरक्षा कार्यालयाने तर ‘रोजच्या कामासाठी क्रोम वापरू नका’ असं बजावलं. आपल्याकडे फारसं कुणी बजावलं नाही. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ हा आपला राष्ट्रीय गोपनीयता कायदा तेव्हाही अमलात होता.

लपवण्यासारखं नाही म्हणणाऱ्यांनीच मग ‘इनकॉग्निटो’ खिडकी सर्वांत आधी उघडली. टोपी आणि गॉगल घातलेला तो हेर दिसला, की जगभर एकच गालातलं हसू उमटायचं. कंपनीने सज्जनपणे कारण दिलं होतं, की घरच्यांसाठी गुपचूप भेटवस्तू शोधायला ही सोय आहे. त्या महिन्यात इतक्या गुपचूप भेटवस्तू शोधल्या गेल्या, तरी कुणाच्या घरी एकही पोहोचल्याचं ऐकिवात नाही. त्या खिडकीतल्या इशाऱ्यांत गुप्तहेरांच्या पाळतीबरोबरच ‘तुमच्या पाठीमागे उभी असलेली माणसं’ यांच्यापासूनही सावध राहायला सांगितलं होतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी संगणक ठेवणाऱ्या मध्यमवर्गाला हे वाक्य लिहिणारा इंजिनीअर पुण्याचाच असावा असं वाटलं.

चित्रकथेतलं सर्वांत मोठं वचन असं होतं, की प्रत्येक टॅब स्वतंत्र प्रक्रियेत चालतो. एक मेला तरी बाकीचे जिवंत राहतात. कल्पना अस्सल होती, पुढे इतरांनीही ती उचलली. पण पहिल्या एक-दोन दिवसांतच शोध लागला, की पत्त्याच्या जागी काहीही निरर्थक अक्षरं, पुढे कोलन आणि टक्क्याची खूण एवढं दिलं की एक टॅब नव्हे, सगळाच्या सगळा ब्राउझर आडवा होतो. गूगलने लगेच दुरुस्ती केली. तोवर लोकांनी हा प्रयोग इतक्या आवडीने केला, की शेजाऱ्याच्या यंत्रावर करून दाखवण्यासाठी काहींनी त्याच्याकडे मुद्दाम क्रोम बसवून दिला.

मराठी वाचकाचा अनुभव जरा निराळा. बऱ्याच मराठी संकेतस्थळांचे फाँट तेव्हा फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उमटणाऱ्या पद्धतीने जोडलेले असत. क्रोममध्ये उघडलं की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. भाचा म्हणाला, “मामा, बघा, पान किती पटकन आलं!” मामा म्हणाले, “आलं खरं, पण वाचू काय?” यावर भाच्याने युनिकोड, एक्सपीची सीडी आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण यांवर तासभर व्याख्यान दिलं. मामांनी ते ऐकून घेतलं, निळा ‘ई’ उघडला आणि अग्रलेख वाचला. सरकारी कार्यालयांची पानं तर वर स्पष्टच लिहायची, की हे स्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये, 800 बाय 600 मापात उत्तम दिसेल. इतर मापांत ते दिसलं तर शासन जबाबदार नाही, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

आणि एक तक्रार मला आजही मोहक वाटते. क्रोममध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन कधी येणार? जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनी ब्राउझर फुकट वाटते आणि ग्राहक तिच्याकडेच जाहिराती बंद करायचं यंत्र मागतो! 2010 च्या जानेवारीत एक्स्टेंशनं आली, त्यांत तेही आलं. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी नियम बदलून त्यातल्या नावाजलेल्या अडवणाऱ्यांचे हातपाय बांधले गेले, तेव्हा ‘हे अनपेक्षित होतं’ असं म्हणणारेही भेटले.

जीमेल तोवर चार वर्षं बीटा होता आणि पुढच्या जुलैपर्यंत राहिला. क्रोमची बीटा ही पाटी मात्र 11 डिसेंबर 2008 लाच, शंभर दिवसांत उतरली. त्यात तेव्हा काय नव्हतं याची यादी आक्षेपकांकडे तयार होती. ती वाचायला कुणी थांबलं नाही, कारण तोवर आक्षेपकही बदलले होते. सुरुवातीला ‘मी आपला फक्त बघतोय’ म्हणणारे, मग ‘दुसरा ब्राउझर म्हणून ठेवलाय’ म्हणणारे, आणि अखेर ‘डीफॉल्ट करू का?’ या प्रश्नाला कंटाळून होकार देणारे.

ऑक्टोबर 2025 मध्ये ओपनएआयने ॲटलस नावाचा ब्राउझर काढला, आणि तो आधी फक्त मॅकवर. या खेपेला सर्वांत कडक परीक्षण विंडोजवाल्यांनी केलं. हा आपलं सगळं वाचतो, सगळं लक्षात ठेवतो, असा गहजब झाला. शिवाय हा काही नवा नाही, आतून क्रोमियमच आहे, हेही सांगून झालं. त्यातली बहुतेक मतं क्रोममध्ये बसून टाइप झाली असणार, आणि शेवटचा शब्द पट्टीनेच सुचवला असणार.